कोरांटीवाले ठोसर

माझ्या विषयातलं मला जे काही येतं, त्यातलं निम्म्याहून अधिक मी प्राध्यापक ठोसरांकडून शिकले, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ते गेल्यावर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी फक्त पहिली लिहून दिली. दुसरी इथे लिहिते.

सत्तर साली मी नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. घर भिंगारला. वडील तिथल्या लष्करी कचेरीत कारकून होते. मी रोज सायकलवरून कॉलेजात यायचे. विभागप्रमुख होते ठोसर. बुटके, गोरे, कायम पांढरा बुशशर्ट, आणि खिशातून काळ्या दोऱ्याने लोंबणारं पितळी भिंग. विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबट कोठी. त्या कोठीत दाबून वाळवलेल्या झाडांचे कागद लोखंडी कपाटात रचलेले असत. तिला आम्ही हर्बेरियम म्हणायचो. ठोसर 'माझी कोठी' म्हणायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर कोरांटीची एक फांदी टाकली. पिवळी, काटेरी, कुंपणाला लावतात ती.

"काय आहे हे?"

"कोरांटी," मी म्हणाले.

"कोरांटी हे नाव नव्हे. ती हाक आहे. कुत्र्याला मारतात तशी. नाव सांगा."

मी बार्लेरिया म्हणाले, आणि पुढचं लॅटिन नावही सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण भिंग माझ्या हातात दिलं. मग पुढचा तासभर त्यांनी मला ते फूल उलगडून दाखवलं. निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, चार, पण सारखी नाहीत. बाहेरची दोन मोठी, आतली दोन अरुंद, एकमेकांना काटकोनात. पुंकेसर चार दिसतात, पण कामाचे दोनच. बाकीचे दोन नावापुरते. बोंडात दोनच चपट्या बिया, आणि बी भिजलं की त्याच्यावरचे चिकटून बसलेले केस उभे राहतात. पाण्याच्या थेंबात त्यांनी ते बी ठेवलं आणि मला म्हणाले, "पाहा." मी पाहिलं. भिंगाखाली ते केस हळूहळू अंग सोडवून उठत होते. इतकं सुंदर मी तोवर काही पाहिलेलं नव्हतं. नजर त्या माणसाला होती, हे मला कबूल करावंच लागेल.

कोरांटीच्या या कुळावर ते अठरा वर्षं काम करत होते. जिल्ह्यातल्या सगळ्या कोरांट्यांची एक यादी करायची, प्रत्येकीची ओळख पटवणारी किल्ली लिहायची, असा त्यांचा संकल्प होता. किल्ली म्हणजे प्रश्नांची जोडी. काटे आहेत की नाहीत, फूल पिवळं की निळं, असं एकेक उत्तर देत शेवटी झाडाच्या नावापर्यंत पोचायचं. हे काम ते सुरेख करत. अडचण एवढीच होती की माणसांनाही ते तसंच लावत. विभागात चहा आला की ठोसरांना कपबशी, इतर प्राध्यापकांना कप, आम्हा डेमॉन्स्ट्रेटरांना काचेचा ग्लास. शिपाई सोमा पथवे यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पेला खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. सोमाभाऊंनी तो स्वतः आणून ठेवला होता, स्वतः धुऊन ठेवायचे. मी एकदा विचारलं, "असं का?" ठोसर म्हणाले, "वर्गीकरण सोयीसाठी असतं, बाई. त्यात भावना आणू नये."

सोमाभाऊ अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. चाळिशी गाठलेली, सडपातळ, कमी बोलणारे. नेमणूक शिपायाची, काम मात्र निराळंच. ठोसरांच्या कपाटातली निम्मी झाडं त्यांनी आणलेली होती. हे मला पहिल्या सहलीत कळलं.

त्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. ठोसर, मी, सोमाभाऊ आणि एम.एस्सी.चे सहा विद्यार्थी. मला वाटलं होतं, सर पुढे चालतील. सर विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले आणि खानसाम्याला दुपारी कोंबडी करायला सांगितली. "सोम्या, तू वर जाऊन ये. पांढरी आण, निळी आण. फूल आणि बोंड दोन्ही हवीत. मुळासकट नको."

मी सोमाभाऊंबरोबर गेले. विद्यार्थीही आले. चढ उभा होता. सोमाभाऊ अनवाणी चालत आणि प्रत्येक ठिकाणी झाड न तोडता आधी खाली बसून पाहत. एका निळ्या फुलाच्या झुडपापाशी ते म्हणाले, "ही न्हाई घ्यायची. हिचं बी अजून कवळं हाय. वर दुसरी हाय, तिला पंदरा दिस आदी फूल येतं. हिच्यावानीच दिसती पर ही न्हवं ती."

"फरक कसा ओळखता?"

"ही सावलीला ऱ्हाती, ती उन्हाला. पानाला हात लावून बगा."

मी हात लावला. एक मऊ होतं, एक खरखरीत. ही खूण ठोसरांच्या किल्लीत पुढे आली, चौथ्या प्रश्नात, शब्द लॅटिन वळणाचे.

संध्याकाळी आम्ही पिशव्या भरून परतलो. ठोसरांनी हात धुतले, झाडं वर्तमानपत्रात पसरली, आणि प्रत्येकाची चिठ्ठी लिहायला घेतली. झाडाचं नाव, जागा, उंची, तारीख. संकलक या शब्दापुढे प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव: ठोसर. उंची त्यांनी सोमाभाऊंना विचारली. ते म्हणाले, "लई उंच." ठोसर हसले आणि मनानेच आकडा टाकला.

चिठ्ठ्या लिहिणाऱ्या त्या हाताकडे मी पाहत होते. अक्षर मोत्यासारखं. ज्या कड्यावर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं त्याचं वर्णन ते 'दक्षिणाभिमुख, खडकाळ, दुर्गम' असं करत होते. मी काही बोलले नाही. माझी नोकरी तात्पुरती होती आणि कायम व्हायला त्यांची सही लागणार होती. हे कारण पुढे मी आणखी बऱ्याच वेळा वापरलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नव्हता, पण तो निराळा होता. विहिरींचे तळ दिसत होते. गावंच्या गावं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दिवाळीनंतर एकदा ठोसर कोणाच्या तरी जीपमधून शहराबाहेरच्या एका उघड्या टेकाडावरून जात होते. तिथे त्यांना कोरांटी दिसली. वीतभर उंच, पानं नखाएवढी, काटे मात्र लांब, आणि फुलं पिवळी असायची ती जवळजवळ पांढरी. दुसऱ्या दिवशी ते मला आणि सोमाभाऊंना घेऊन तिथे गेले. या वेळी ते स्वतः चढले. टेकाड फार तर शंभर पावलांचं होतं.

तिथे रस्त्याचं काम चालू होतं. टेकाडावर एकच लिंब होता, त्याच्या सावलीत खडी फोडणाऱ्या बाया भाकरी खायला बसल्या होत्या. त्या लिंबाच्या आसपासच ही खुरटी झुडपं होती. ठोसरांनी मुकादमाला बोलावलं.

"या बायकांना इथून उठवा. माझी झाडं तुडवली जातायत."

मुकादम गोंधळला. "सायेब, दुसरीकडं सावली न्हाई."

"हे शास्त्रीय काम आहे. कलेक्टरांना सांगू का?"

कलेक्टरांशी त्यांची ओळख नव्हती. मुकादमाला ते कुठून कळणार? बाया उठल्या. एक म्हातारी उठताना त्या झुडपाकडे बघून म्हणाली, "शेरडं बी खात न्हाईत हिला. कोन तुडवतंय?" मग सगळ्याजणी पदर डोक्यावर ओढून उन्हात, फोडलेल्या खडीच्या ढिगावर जाऊन बसल्या. पुढचा महिनाभर, ठोसरांचं तिथलं काम संपेपर्यंत, त्या तिथेच जेवल्या. ठोसर लिंबाखाली रुमाल पसरून बसले आणि भिंग काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "ही नवी आहे."

विभागात आल्यावर मी एक फूल उकललं. चार निदलं तशीच, दोन पुंकेसर तसेच, बोंडात दोन बिया, बियांवर तेच केस. कोरांटीच होती ती, कुंपणावरची. फक्त उपाशी. मी तसं म्हणाले. 'उपाशी' म्हणाले नाही, 'पाण्याच्या अभावाचा परिणाम असेल का' असं विचारलं.

"तुम्ही सामान्य नजरेने बघताय," ते म्हणाले.

नव्या जातीच्या लेखाला चित्र लागतं. माझा हात बरा होता, म्हणून चित्र मी काढायचं ठरलं. कपाटात कायम ठेवायची जी मूळ फांदी, तिच्यावर पुढे त्या नावाचा सगळा भार असतो. त्या फांदीला अगदी खाली, दगडाच्या आडोशाला राहिल्यामुळे असेल, पानांची एक जोडी नेहमीसारखी मोठी होती. कुंपणावरच्या कोरांटीची असते तशीच. मी ती रेखाटायला लागले. ठोसर मागे उभे होते.

"खालची पानं तोडा."

मी वळून पाहिलं.

"विकृत आहेत ती. वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. तोडा."

मी तोडली. माझ्या हाताने, चिमट्याने, एक आणि मग दुसरं. सोमाभाऊ दारात टिपकागदाचे गठ्ठे घेऊन उभे होते. ती दोन पानं मी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चित्र पूर्ण केलं. चित्र चांगलं झालं होतं.

लेख छापून आला. झाडाला नाव मिळालं बार्लेरिया तात्यासाहेबी. तात्यासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. उपप्राचार्याची जागा त्या वर्षी रिकामी व्हायची होती. सत्काराचा कार्यक्रम ठरला, व्यासपीठावर चौकटीत बसवलेली कोरांटीची वाळलेली फांदी ठेवली. तात्यासाहेब शेतकरी माणूस, शिक्षण चौथीपर्यंत, पण डोकं तल्लख. त्यांनी ती चौकट हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग माइक चालू असताना ठोसरांना विचारलं, "याला फळ काय येतं?"

"बोंड येतं, साहेब."

"खायला?"

"नाही, साहेब."

"जनावरं खातात?"

"नाही."

"काटं लई दिसत्यात." मग त्यांनी चौकट खाली ठेवली. "मंग माझं नाव का दिलंत, सर?"

सभागृह हसलं. तात्यासाहेब स्वतःही हसले. ठोसरांनी घाम पुसत उत्तर दिलं की हे झाड प्रतिकूल परिस्थितीतही ताठ उभं राहतं. टाळ्या पडल्या. जूनमध्ये ते उपप्राचार्य झाले.

सोमाभाऊंनी काय केलं होतं ते मला नंतर कळलं. टेकाडावरून आलो त्या आठवड्यातच ते एकटे परत गेले होते. तिथलं एक झुडूप मुळासकट काढून त्यांनी विभागाच्या मागे, प्रयोगशाळेतल्या सिंकचं पाणी जिथे पडतं तिथे लावलं होतं. प्यायलाही पाणी नव्हतं त्या दिवसांत, पण काचपट्ट्या धुतलेलं पाणी तर वाहूनच जायचं. वर्षभरात ते झुडूप कमरेएवढं झालं. पानं बोटभर लांब झाली. पुढच्या हिवाळ्यात फुलं आली, पिवळीधमक.

सोमाभाऊंनी एक फांदी तोडून ठोसरांच्या टेबलावर ठेवली. मी तिथेच पेपर तपासत होते.

"सायेब, ती टेकाडावरची. पानी भेटलं तर अशी झाली."

ठोसरांनी फांदीला हात लावला नाही. "कोणी सांगितलं ही ती आहे म्हणून?"

"मीच आनली. मीच लावली."

"चिठ्ठी कुठे आहे? तारीख? जागा? संकलक कोण?"

"मी."

"तुझ्या सांगण्याला शास्त्रात किंमत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय, बाई?"

माझ्यासमोर पेपरांचा गठ्ठा होता. मी म्हणाले, "चिठ्ठी नसेल तर सांगता येत नाही, सर."

सोमाभाऊंनी फांदी उचलली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला म्हणाले, ठोसरांना नाही, "सायबाला झाड वळखू येत न्हाई, बाई. चिठ्ठी वळखू येती."

दुसऱ्या दिवशी माळ्याकरवी ते झुडूप उपटून टाकलं गेलं. सोमाभाऊंची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने निघायची, त्या जूनमध्ये निघाली नाही. कारण कोणी विचारलं नाही. मीही नाही. जाताना त्यांनी आपला पेला तेवढा बरोबर नेला.

मी त्याच वर्षी कायम झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या एक वयस्कर बाई कोरांटीच्या कुळावर मोठा ग्रंथ लिहीत होत्या, म्हणून ठिकठिकाणच्या मूळ फांद्या पाहत आमच्याकडे आल्या. ठोसरांनी स्वतः कपाट उघडलं. बाईंनी तो कागद खिडकीशी नेला आणि दहा मिनिटं भिंगातून पाहिला. मग त्यांनी फांदीच्या खालच्या टोकाशी पेन्सिल नेली.

"या पेराला काटे आहेत, पानं नाहीत. आणि इथे साल ओरबाडलेली आहे."

"वाळताना गळली असतील," ठोसर म्हणाले.

"गळलेल्या पानाची खूण गुळगुळीत असते. हे तुम्हाला मी सांगायला नको."

ठोसरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच, 'काय, बाई?' या नजरेने. या वेळी माझी नोकरी कायम होती, हे मला विसरता येत नाही.

"मी तोडली," मी म्हणाले. "मोठी होती. कोरांटीची असतात तेवढी."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी का तोडली, हे त्यांनी विचारलं नाही. ठोसरांनी कागद परत घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली दोनदा फिरवली. निवृत्त होईपर्यंत पुढचे अकरा महिने ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर विद्यार्थ्याकडे बघून बोलत. ग्रंथ निघाला तेव्हा त्यात बार्लेरिया तात्यासाहेबीला एक ओळ मिळाली होती. साध्या काटेकोरांटीच्या नावाखाली, बारीक टाइपात, रद्द झालेल्या नावांच्या यादीत.

ते सांगायला मी मुद्दाम अकोल्याच्या बाजूला गेले. सोमाभाऊ राजूरजवळ वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होते. पिशव्यांत माती भरत बसले होते. मी सगळं सांगितलं. पानांचं, बाईंचं, माझं. त्यांनी हातातली पिशवी पुरी भरली, कडेला ठेवली.

"मंग आता नाव काय झालं तिचं?"

"जुनंच."

"आमी जुनंच म्हनत हुतो." त्यांनी दुसरी पिशवी घेतली. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, "चार वाजता येस्टी हाय बाई. ती चुकली तर मुक्काम पडंल." मी बसस्टँडकडे निघाले. त्यांना माझी माफी नको होती, आणि ती न घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

ठोसरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, सावेडीत. ते तिकडे मुलाच्या बंगल्यात राहायला गेले होते. मीही एव्हाना तिथेच घर केलं होतं, पण आमची गाठ कधी पडली नव्हती. एका सकाळी मी दूध आणायला निघाले होते. पुढच्या वळणावर एका बंगल्याच्या कुंपणाशी एक म्हातारा, हातात टोकाला आकडा लावलेली काठी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, आतल्या जास्वंदीची फांदी ओढत होता. पांढरा बुशशर्ट पाहून मी थांबले. पिशवीत तगर होती, दुसऱ्या कोणाच्या तरी कुंपणावरची कण्हेर होती. उमललेली, न उमललेली, सगळी एकत्र कोंबलेली.

दार उघडून घरातली बाई बाहेर आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"आजोबा, रोज काय हे?"

ठोसरांनी फांदी सोडली. काठी एका हातात, पिशवी पाठीमागे लपवलेली. मला त्यांनी पाहिलं. नजर माझ्यावर क्षणभर थांबली आणि पुन्हा त्या बाईकडे गेली. त्यांनी मान ताठ केली.

"मी प्रोफेसर ठोसर," ते म्हणाले.

"असाल," ती बाई म्हणाली. "पण कळ्या तरी ठेवत जा." आणि ती पीठ झाडत आत गेली.